काकांच्या कंबरेतला ‘ट्रॅक्टर’

भाऊकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, हॉस्पिटलच्या एस्टिमेटचा कागद नाकाजवळ नेला आणि मला हाक मारली. ‘‘अगं, इकडे ये. हे माझ्या कंबरेत ट्रॅक्टर कशाला घालतायत?’’

सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, खोलीचं भाडं हे सगळं कळण्यासारखं होतं. त्याखाली एक ओळ होती, ‘ट्युब्युलर रिट्रॅक्टर सेट, वापर आकार’. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही सहा जण बसलो होतो, त्यातल्या एकालाही ती उमगली नाही. काका बेस्टमध्ये एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर बसली होती आणि डावा पाय कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत पेटला होता. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली, कुणीतरी सांगितलेला काढाही झाला. शेवटी ऑपरेशन ठरलं.

काकांचा ट्रॅक्टर तसा फार चुकलेला नाही. दोन्ही शब्द एकाच कुळातले. लॅटिनमध्ये ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणं. शेतातला ट्रॅक्टर नांगर पुढे ओढतो, ऑपरेशनमधला रिट्रॅक्टर मांस मागे ओढून धरतो.

हल्ली हायवेवरची होर्डिंगं पाहिलीत तर ‘एवढ्याशा छेदातून मणक्याचं ऑपरेशन’ अशा जाहिराती ठिकठिकाणी दिसतात. छेद किती मिलिमीटरचा, ते मोठ्या अक्षरांत असतं. त्या छेदाच्या आत काय काय बाजूला सारावं लागतं आणि किती वेळ, हे कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा आहे.

## आधी वाट, मग दुरुस्ती

संध्याकाळची डोंबिवली फास्ट. तुम्हाला ठाण्याला उतरायचंय आणि तुम्ही डब्याच्या मधोमध आहात. उतरणं हे एका पावलाचं काम. खरी मेहनत दारापर्यंत पोचण्याची. कुणाला खांद्याने, कुणाला बॅगेने बाजूला करत, शक्यतो कुणाचा पाय न तुडवता वाट काढायची.

काकांच्या कंबरेतही हेच. काढायचा होता तो गादीचा सुटलेला तुकडा, साधारण वाटाण्याएवढा. पण त्याच्या वाटेत त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, मग पाठीचे जाड स्नायू, मणक्याच्या कमानीचं हाड, पिवळसर अस्थिबंध आणि सगळ्यात शेवटी ती नस. सगळं मिळून चार-पाच सेंटिमीटर खोल, जाड माणसात त्याहून जास्त. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचे निरोप पायापर्यंत नेणारा मज्जातंतू. घरात आपण दोन्हीला नसच म्हणतो म्हणून सांगितलं.)

या थरांना कडेला धरून सर्जनला दिसेल आणि हात चालवता येईल एवढी जागा करून देणारं उपकरण म्हणजे रिट्रॅक्टर. तो कापत नाही, शिवत नाही, काही काढतही नाही. नुसता धरतो. भरली वांगी करताना चिरा दिलेलं वांगं डाव्या हाताच्या दोन बोटांनी फाकवून धरतो ना, म्हणजे उजव्या हाताला मसाला भरता येतो, ती दोन बोटं म्हणजे रिट्रॅक्टर. बोटांनी जरा जास्त जोर केला की वांगं देठापर्यंत फाटतं. तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## प्रिन्सेस स्ट्रीटवरची एक दुपार

वस्तू हातात घेतल्याशिवाय मला काही कळत नाही. म्हणून मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका सर्जिकलच्या दुकानात गेले. दुकानदार आधी साशंक होते. ‘‘ताई, घ्यायचंय की नुसतं बघायचंय?’’ नुसतं बघायचंय म्हटल्यावर हसले आणि काउंटरवर हिरवं कापड अंथरून एकेक मांडू लागले.

पहिला लँगेनबेक. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये काम केलेल्या लँगेनबेक नावाच्या सर्जनवरून हे नाव. एक मूठ, पुढे काटकोनात वळलेलं चपटं पातं. त्यात काही कळण्यासारखं नाही असं वाटतं, आणि खरंच नाही. कडेला अडकवायचा आणि ओढायचा.

दुसरा वेटलानर. दिसायला कात्री, पण वागायला उलटा. कात्रीची मूठ मिटली की पाती मिटतात. याची मूठ मिटली की टोकं फाकतात. एका टोकाला तीन दात, दुसऱ्याला चार, सगळे बाहेर वळलेले. मिटवला की एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूच्या फटींत बसतात. दुकानदारांनी तो घडी घातलेल्या नॅपकिनमध्ये खुपसला आणि मूठ दाबली. टिक्, टिक्, टिक्. गाडीचा हँडब्रेक ओढताना येतो तसाच आवाज. नॅपकिन फाकला आणि दुकानदारांनी हात काढून घेतला तरी फाकलेलाच राहिला. दातेरी पट्टीने त्याला तिथेच अडकवलं होतं. सोडायला अंगठ्याखाली एक छोटा खटका. ‘‘हा खटका नीट चालला पाहिजे,’’ ते म्हणाले, ‘‘बाकी सगळं दिखावा.’’ स्टीलला चकाकी नव्हती. मुद्दाम निस्तेज ठेवतात, म्हणजे वरच्या दिव्याचा झोत परत सर्जनच्या डोळ्यांवर येत नाही.

तिसरा होहमान. हाडाच्या ऑपरेशनमधला हाच खरा दादा. लांब दांडा, पुढे चमच्यासारखं पातं आणि त्याला एक निमुळतं टोक. पंक्चरवाला टायर काढताना लोखंडी पट्टी रिमच्या मागे सरकवतो आणि खाली दाबतो, आठवतंय? होहमानचं टोक हाडाच्या मागे सरकवायचं, हाडालाच टेकू करायचं आणि दांडा दाबायचा. शाळेतली तरफ. थोडा जोर, भरपूर काम. खुब्याचा सांधा बदलताना असे तीन-चार होहमान चारी बाजूंनी लावून मांडीचे दणकट स्नायू बाजूला धरतात.

गोम अशी, की टोक हाडाच्या मागे जातं, म्हणजे डोळ्यांआड. खुब्याच्या पुढच्या अंगाला मांडीची मुख्य रोहिणी आणि मज्जातंतू अगदी लगतच असतात, मागच्या अंगाला सायटिक नस. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते. टोक हाडाला चिकटून सरकलं तर काही बिघडत नाही, हाड सोडून मांसात घुसलं तर मोठी पंचाईत. म्हणून शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून बजावतात, टोक हाड सोडून हलता कामा नये.

## मग धरून उभं कोण राहतं?

पालिकेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात शिकलेल्या डॉक्टरला हे विचारा. तो आधी हसेल आणि मग मनगट चोळेल. हे काम रेसिडेंटचं, त्यातही सगळ्यात धाकट्याचं. माझी एक मैत्रीण अशा वॉर्डातून तयार झालेली. ती म्हणते, ‘‘तीन तास रिट्रॅक्टर धरायचा, आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण धरल्यामुळे ते सरांना दिसत असतं. आणि हात अर्धा सेंटिमीटर सरकला की सरांना बरोब्बर कळतं.’’

हाताने का नाही धरत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. धरतात की. आपल्या जुन्या शल्यतंत्रातही हातालाच सगळ्यांत मुख्य यंत्र मानलंय. पण बोटं जाड असतात, जागा अडवतात, थकतात. एक्स-रे काढायच्या वेळी किरणांच्या वाटेत हात ठेवणंही बरं नाही. पाठीच्या ऑपरेशनसाठी टेलर नावाचा एक रिट्रॅक्टर आहे, त्याचं टोक मणक्याच्या सांध्याच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात, मुठीला गॉजपट्टी बांधतात आणि पट्टीला वजन टांगतात, नाहीतर तिचं दुसरं टोक सर्जन स्वतःच्या पायाखाली दाबून ठेवतो. ऐकायला जुगाड वाटेल, पण चोख चालतं.

त्यामुळे वेटलानरसारखे स्वतःच अडकून राहणारे रिट्रॅक्टर लोकप्रिय झाले. त्यांना भूक नाही, झोप नाही, मनगट नाही. आणि इथेच एक गंमत आहे, जी मला मैत्रिणीने सांगेपर्यंत सुचली नव्हती. माणसाचा हात थकतो, सैल पडतो, पुन्हा सावरतो. त्या सैल पडण्यात दाबलेल्या स्नायूला श्वास घ्यायला मिळतो. यंत्र थकत नाही, म्हणून स्नायूला उसंतही मिळत नाही.

पंगतीत किंवा कीर्तनाला मांडी घालून तासभर बसलं की पायाला मुंग्या येतात, उठताना पाय आपला वाटत नाही. दाबाने रक्त आणि नस दोन्ही अडलेली असतात. दहा मिनिटांत ठीक होतं, कारण आपण उठतो. फाकवलेल्या स्नायूतही दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि त्याला उठता येत नाही. जास्त वेळ गेला तर काही पेशी मरतात. त्यांच्यातली रसायनं रक्तात उतरतात आणि रक्ततपासणीत दिसतात. म्हणून लांबलेल्या ऑपरेशनमध्ये चांगले सर्जन मधूनमधून खटका दाबून रिट्रॅक्टर सैल करतात, पाच मिनिटं जाऊ देतात आणि मग पुन्हा लावतात. ऑपरेशननंतर पाठ जी दुखते, तिच्यातला बराचसा वाटा दुरुस्तीचा नसून या वाटेचा असतो.

## नस किती ओढायची?

स्नायू बऱ्यापैकी सोसतो. नस तेवढी सोसत नाही. आणि मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून उतरणारी मुख्य दोरी, जवळजवळ काहीच सोसत नाही. मणक्याची सगळी ऑपरेशनं या उतरंडीवर बेतलेली आहेत.

मोठ्या माणसात ही दोरी कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तिथून खाली सुट्या नसांचा झुबका लोंबतो, शरीरशास्त्रात त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात. काकांचा बिघाड चौथ्या-पाचव्यात, म्हणजे शेपटाच्या हद्दीत. तिथे मागून शिरता येतं. नसांना वेष्टणारी पिशवी आणि दुखावलेली नस एका नाजूक, वळलेल्या पात्याच्या रिट्रॅक्टरने हळूच मधल्या रेषेकडे सारतात, सहसा तिच्या पलीकडे नेत नाहीत, मागचा तुकडा चिमट्याने काढतात आणि सोडून देतात. हा रिट्रॅक्टर खटक्यावर अडकवून कुणी निघून जात नाही. तो हातातच असतो, आणि काम झालं की लगेच बाहेर.

आता हाच तुकडा मानेत सुटला असेल तर? तिथे शेपूट नाही, अख्खी दोरी आहे. मागून गेलं तर गादीपर्यंत पोचायला ती बाजूला सारावी लागेल, आणि तसं करणं म्हणजे हातापायांवर पाणी सोडण्याचा धोका. म्हणून १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, आणि त्याच सुमाराला क्लोवर्ड यांनी, मानेच्या गादीकडे पुढून जायची रीत रूढ केली. ‘मानेचं दुखणं मागे आणि टाके गळ्यावर कसे?’ हा शेजारच्या आजींचा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर हेच. काय बाजूला सारता येतं, त्यावरून रस्ता ठरतो.

पुढच्या रस्त्यालाही टोल आहेच. तिथे श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मानेची मोठी रोहिणी दुसऱ्या बाजूला धरावी लागते. पात्यांची टोकं मणक्याला चिकटलेल्या लहान स्नायूंच्या खाली सरकवतात, म्हणजे अन्ननलिकेला इजा व्हायचा धोका कमी होतो. आवाजाच्या पेटीतल्या पडद्यांना हलवणारी एक बारीक नस तिथूनच जाते. काही भूलतज्ज्ञ रिट्रॅक्टर लागल्यावर श्वासनलिकेतल्या ट्यूबचा फुगा क्षणभर सैल करून पुन्हा भरतात, कारण फुगा आणि पातं यांच्यामध्ये ती नस चेपायची. एवढं सांभाळूनही ऑपरेशननंतर काही दिवस घास गिळायला त्रास होणं किंवा आवाज घोगरा होणं हे पुष्कळांना होतं, आणि बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर रुग्ण घाबरून जातो.

## नळी म्हणजे नक्की काय?

आता काकांच्या बिलातली ती ‘ट्युब्युलर’ वस्तू. घसरलेल्या गादीचा आणि पाय दुखण्याचा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये नीट मांडला. तेव्हा पाठ बरीच उघडावी लागे. १९७७ मध्ये जर्मनीतले कास्पार आणि झुरिकचे यशारगिल यांनी सूक्ष्मदर्शक वापरून छेद लहान केला. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फोली आणि स्मिथ यांनी नळीतून गादी काढायची पद्धत मांडली.

कृती मजेदार आहे. सी-आर्म म्हणजे टेबलाभोवती फिरवता येणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली बघत आधी एक बारीक सळई मणक्यापर्यंत नेतात. तिच्यावरून जरा जाड नळी, तिच्यावरून आणखी जाड, स्टीलचे डबे एकात एक बसतात तसं. स्नायूचे धागे न कापता विलग होत जातात, केसांतून बोट फिरवल्यासारखे. शेवटच्या नळीचं तोंड रुपयाच्या नाण्याएवढं किंवा त्याहून लहान. तिला टेबलाला जोडलेल्या हाताने घट्ट धरतात, आतल्या नळ्या काढून घेतात, आणि सगळं ऑपरेशन त्या बोगद्यातून.

मग हीच पद्धत सगळ्यांत चांगली असणार, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पण नेदरलँड्समध्ये ३२८ सायटिकाच्या रुग्णांवर एक काटेकोर तुलना झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांचं नळीतून, निम्म्यांचं नेहमीच्या लहान छेदातून. कुणाचं कसं झालं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षाने पाहिलं तर हालचालीत नळीवाले सरस ठरले नाहीत. पाय आणि कंबर यांच्या दुखण्यात तर ते किंचित मागेच होते. फरक फार मोठा नव्हता, पण होर्डिंगवर जे सुचवलं जातं त्याच्या उलट दिशेचा होता.

याचा अर्थ नळी वाईट असा घेऊ नका. जाड माणसात साध्या पद्धतीला छेद वाढवावा लागतो, नळीला नाही. स्क्रू घालून मणके जोडायच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं. पण बोगदा अरुंद, त्याच्या कडेखालून स्नायू आत डोकावतात, नसांच्या पिशवीला चीर पडली तर ती आत शिवणं अवघड, आणि सी-आर्म जास्त वेळा लागतो. ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसलाय त्याच्याकडून ती करून घ्यावी, असं माझं साधं मत आहे.

## आत राहून गेला तर?

एवढा मोठा रिट्रॅक्टर पाठीत विसरणं कठीण. धास्ती असते ती रक्त टिपायच्या कापसाच्या आणि गॉजच्या तुकड्यांची, ते रक्तात भिजले की मांसासारखेच दिसतात. म्हणून त्यांत एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो. टाके घालण्याआधी सिस्टर मोठ्याने मोजतात आणि आकडा जुळेपर्यंत सर्जनलाही थांबावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेल्या सुरक्षा-यादीतही ही मोजणी आहे.

## एकाला वापरलेला दुसऱ्याला?

हो, आणि त्यात काही गैर नाही. स्टील त्यासाठीच असतं. आधी ब्रशने घासतात, विशेषतः बिजागरी आणि दातेरी पट्टीच्या फटी, कारण वाळलेलं रक्त तिथेच लपतं. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १३४ अंश सेल्सिअसला काही मिनिटं, किंवा १२१ अंशाला जास्त वेळ.

सगळे सेट हॉस्पिटलच्या मालकीचे नसतात. नळ्यांचे, स्क्रूंचे सेट पुष्कळदा पुरवठादाराचा माणूस आदल्या दिवशी पेटीत घालून आणून देतो, इथे धुऊन निर्जंतुक होतात आणि काम झालं की पेटी दुसऱ्या हॉस्पिटलात. मुंबईत सकाळी स्टेशनांवर चाकांची जड पेटी ओढत धावणारा टापटीप कपड्यांतला एखादा मुलगा दिसला, तर तो हा असू शकतो.

## आणि बिलातली ओळ?

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. पण सांधा शरीरात राहतो, रिट्रॅक्टर परत जातो. त्यामुळे सांध्याचा तो भाव बघून या ओळीचा अंदाज येत नाही. विचारायचं ते सरळ विचारावं. हे भाडं आहे की एकदाच वापरून टाकून द्यायच्या वस्तूची किंमत? साध्या पद्धतीने केलं तर ही ओळ जाईल का? आणि माझ्या बाबतीत नळीच का?

आम्ही विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. काकांचं वजन बेताचं, तुकडा एकाच बाजूला, त्यामुळे सूक्ष्मदर्शक आणि लहान छेद पुरेसा आहे, मलाही तीच सवय जास्त आहे, म्हणाले. एस्टिमेट ऑफिसमधून छापील साच्यातून आलं होतं.

जाताना त्यांनी दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या, त्या मणक्याच्या कुठल्याही रुग्णाच्या घरी फ्रिजवर लावण्यासारख्या आहेत. कंबरेच्या ऑपरेशननंतर पावलाची ताकद अचानक गेली, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न बघता निघायचं. आणि मानेच्या पुढून ऑपरेशन झालं असेल व गळा फुगून श्वास लागायला लागला, तर एक मिनिटही न थांबता.

काका तिसऱ्या दिवशी घरी आले. पायातली आग गेली होती, पाठ ठणकत होती, आणि ती का ठणकतेय हे त्यांना आता ठाऊक होतं. टाके काढल्यावर काकूंच्या शिलाईच्या डब्यातली टेप मागवून त्यांनी आरशात व्रण मोजायला लावला. तीन सेंटिमीटर भरला. चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘‘ट्रॅक्टर कॅन्सल केला आम्ही. बैलावरच भागलं.’’